अलीचा थरार, फ्रेझरची उधारी

बॉक्सिंग बघणारी चार माणसं जमली की एक वाद ठरलेला. बघायला सगळ्यात थरारक कारकीर्द कुणाची? कुणी माइक टायसनचं नाव घेतो. चुकीचं नाही. विसाव्या वर्षी हेवीवेट चॅम्पियन, आणि १९८८ साली मायकेल स्पिंक्सला त्याने ९१ सेकंदांत आडवा केला. लोक खुर्चीत नीट बसायच्या आत खेळ खल्लास. कुणाला १९८५ ची हॅगलर-हर्न्स लढत आठवते. चालली तीनच राउंड, पण बघणाऱ्याने श्वास कधी घ्यायचा हा प्रश्न. जुनी मंडळी जो लुईपर्यंत मागे जातात.

माझं उत्तर एकच. मुहम्मद अली, आणि त्यातही १९७० ते १९७५ चा अली. पण हे उत्तर अर्धं आहे. उरलेल्या अर्ध्याचं नाव जो फ्रेझर. आजची लांबलचक पोस्ट त्या उरलेल्या अर्ध्यासाठी.

आधी अलीची गोष्ट थोडक्यात, कारण ती बहुतेकांना माहीत आहे. १९४२ साली लुईव्हिल, केंटकी इथे जन्म. मूळ नाव कॅशियस क्ले. वडील पाट्या रंगवायचे, आई लोकांच्या घरी काम करायची. बाराव्या वर्षी सायकल चोरीला गेली, तक्रार ऐकणारा पोलीस बॉक्सिंग शिकवणारा निघाला, आणि पोरगं जिममध्ये जायला लागलं. १९६० ला रोम ऑलिंपिकचं सुवर्ण. १९६४ ला, वय वर्षं २२, सनी लिस्टनसारख्या दांडग्याला हरवून जगज्जेता. लगेच इस्लाम स्वीकारल्याची घोषणा, नवं नाव. आणि २८ एप्रिल १९६७ ला ह्यूस्टनमध्ये सैन्यभरतीला नकार. व्हिएतनामच्या युद्धात मी जाणार नाही, म्हणाला. किताब काढून घेतला, परवाना गेला, पाच वर्षांची शिक्षा लागली. अपिलामुळे तुरुंगात जावं लागलं नाही, पण साडेतीन वर्षं रिंग बंद. वय २५ ते २८. पैलवानाच्या आयुष्यातली ऐन उमेदीची वर्षं.

आता फ्रेझर. १९४४, ब्युफर्ट, साउथ कॅरोलायना. बारावं अपत्य. बाप दुसऱ्याच्या शेतात वाट्याने राबणारा, डाव्या हाताने अधू. लहानपणी एक डुक्कर मागे लागलं, जो पळताना पडला, डाव्या हाताला मार बसला. डॉक्टरला द्यायला पैसे नव्हते. हात आपोआप बरा झाला, पण वाकडाच राहिला, पुन्हा कधी पूर्ण सरळ झाला नाही. पुढे त्याच वाकड्या हाताचा डावा हूक जगात गाजला. नशिबाचा खेळ म्हणतात तो असा.

पोरवयातच तो गाव सोडून उत्तरेला निघाला आणि पुढे फिलाडेल्फियात कत्तलखान्यात कामाला लागला. तिथे टांगलेल्या मांसाच्या धडांवर ठोसे मारून सराव करायचा. ‘रॉकी’ सिनेमात हा सीन पाहिलाय ना? तो इथून उचललेला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकला निवड झाली होती बस्टर मॅथिसची. तो जखमी झाला म्हणून याला पाठवलं. याने डावा अंगठा मोडलेला असताना फायनल मारली आणि सुवर्ण घेऊन आला. पुढे अली बाहेर असताना एकेकाला हरवत १९७० साली तो निर्विवाद चॅम्पियन झाला.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. अली बंदीत होता तेव्हा त्याला परवाना परत मिळावा म्हणून बोलणाऱ्यांत फ्रेझर होता. अडचणीच्या काळात त्याने अलीला पैसेही दिले. यात थोडा व्यवहार होताच. अलीला हरवल्याशिवाय आपल्याला कुणी खरा चॅम्पियन मानणार नाही, हे त्याला कळत होतं. पण निव्वळ व्यवहारासाठी माणूस खिशात हात घालत नाही.

अली परतला, आणि ८ मार्च १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोघं समोरासमोर आले. अली ३१ पैकी ३१ जिंकलेला, फ्रेझर २६ पैकी २६. दोघांना प्रत्येकी २५ लाख डॉलर. त्या काळात ही रक्कम ऐकून लोकांचे डोळे पांढरे झाले होते. फ्रँक सिनात्राला रिंगजवळची जागा मिळाली ती ‘लाइफ’ मासिकाचा फोटोग्राफर म्हणून!

पण लढतीच्या आधीच अलीने तोंडाचा पट्टा सोडला होता. फ्रेझर गोऱ्यांचा हुजऱ्या आहे, कुरूप आहे, अडाणी आहे. युद्धविरोधी तरुण, कॉलेजची पोरं, बहुसंख्य काळी जनता अलीच्या बाजूने. युद्धाचे समर्थक आणि अलीचा राग असलेले गोरे मग आपोआप फ्रेझरच्या मागे उभे राहिले. फ्रेझरने त्यांना बोलावलं नव्हतं. विचार करा, वाट्याने शेती करणाऱ्याचा, कत्तलखान्यात राबलेला काळा मुलगा एका रात्रीत ‘गोऱ्यांचा माणूस’ ठरला. आणि हे ठरवणारा होता त्याच्यापेक्षा बऱ्या घरात वाढलेला दुसरा काळा मुलगा. फ्रेझरच्या पोरांना शाळेत चिडवायचे. तो शेवटपर्यंत हे विसरला नाही.

राजकारणात हे रोज होतं. तुम्ही कोण आहात हे कुणी विचारत नाही. तुम्ही कुणाच्या विरोधात उभे आहात एवढं बघून शिक्का मारला जातो. मी स्वतः अलीचा चाहता आहे. युद्धाला नकार देताना त्याने जे गमावलं ते गमवायची आपल्यापैकी किती जणांची तयारी असेल? पण मोठा माणूस एका जागी बरोबर असला म्हणून सगळीकडे बरोबर असतो असं नाही.

लढतीची मजा कशात होती? अली ६ फूट ३ इंच, लांब हात, पायाच्या बोटांवर नाचणारा. हात खाली ठेवायचा आणि ठोसा आला की डोकं नुसतं मागे न्यायचा, वार हवेत. फ्रेझर सहा फुटांच्या आतला. कमरेत वाकून, डोकं सतत हलवत, खालून आत घुसायचा. चार खायचे आणि एक द्यायचा, पण तो एक असा की समोरच्याच्या बरगड्यांनी हिशेब ठेवावा. फ्रेझरच्या कोपऱ्यातल्या माणसांनी एक गोष्ट हेरली होती. अली उजव्या हाताने खालून वर ठोसा मारायला जातो तेव्हा तो हात खाली येतो आणि गाल उघडा पडतो. डाव्या हूकसाठी दारच उघडं! पंधराव्या राउंडमध्ये ते दार उघडलं. अली पाठीवर पडला. तो लगेच उठलाही, हे तितकंच अजब. निकाल एकमताने फ्रेझरचा. अलीचा जबडा सुजून त्याला एक्स-रेला न्यावं लागलं, आणि जिंकलेल्या फ्रेझरनेही नंतर बरेच दिवस हॉस्पिटलात काढले.

त्याच रात्रीची आणखी एक गोष्ट. पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया नावाच्या गावात आठ सामान्य नागरिकांनी एफबीआयचं ऑफिस फोडलं. हीच रात्र का? सगळे लढतीच्या बातम्यांना चिकटलेले असतील, आवाजाकडे कुणाचं लक्ष जाणार नाही म्हणून. तिथल्या फायली त्यांनी वर्तमानपत्रांना पाठवल्या आणि सरकार आपल्याच नागरिकांवर, विद्यार्थ्यांवर, काळ्यांच्या संघटनांवर कशी पाळत ठेवतं ते चव्हाट्यावर आलं. ते आठ जण त्या वेळी सापडले नाहीत. त्यांच्यापैकी बहुतेकांची नावं २०१४ साली बाहेर आली, तीही त्यांनी स्वतः सांगितली म्हणून. एका बॉक्सिंगच्या लढतीचा असाही उपयोग. त्याच वर्षी जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने अलीची शिक्षा रद्द केली.

पुढची वर्षं वेगाने सांगतो. १९७३ च्या जानेवारीत जॉर्ज फोरमनने किंग्स्टनमध्ये फ्रेझरला दोन राउंडमध्ये सहा वेळा पाडलं. मार्चमध्ये केन नॉर्टनने अलीचा जबडा मोडला. १९७४ च्या जानेवारीत अलीने फ्रेझरला गुणांवर हरवलं. आणि ३० ऑक्टोबर १९७४ ला झाईरच्या किन्शासामध्ये ३२ वर्षांचा अली आणि ४० पैकी ४० जिंकलेला फोरमन. अमेरिकेच्या टीव्हीला सोयीचं म्हणून लढत पहाटे चारला. अली दोरांना टेकून मार खात राहिला, फोरमन ठोसे मारून मारून दमला, आठव्या राउंडला कोसळला. पैसा ओतला होता हुकूमशहा मोबुटूने. गरीब देशाच्या तिजोरीतून एक कोटी डॉलर, कशासाठी, तर जगाने झाईरचं नाव घ्यावं म्हणून.

आणि मग मनिला. १ ऑक्टोबर १९७५. इथेही यजमान हुकूमशहाच, मार्कोस. देशात १९७२ पासून मार्शल लॉ, आणि सगळं आलबेल आहे हे जगाला दाखवायची हौस. अलीने या वेळी फ्रेझरला गोरिला म्हणून हिणवलं, खेळण्यातला गोरिला खिशातून काढून पत्रकारांसमोर बडवला. लोक हसले. रेकॉर्डिंग आजही बघायला मिळतं. मीही आधी हसलो होतो. आता बघवत नाही.

लढत मात्र अशी की तिच्याशी तुलना करायला दुसरी सापडत नाही. सकाळची वेळ, खचाखच भरलेलं सभागृह, जीवघेणा उकाडा. पहिले काही राउंड अलीचे. मग फ्रेझर आत घुसला आणि बरगड्या, कंबर, हात, जे सापडेल ते कुटत राहिला. दहाव्या राउंडनंतर अली स्टुलावर बसला तो संपल्यासारखा. आणि कुठून कोण जाणे, बाराव्यापासून तो पुन्हा जिवंत झाला. तेराव्यात फ्रेझरच्या तोंडातलं माउथपीस उडून प्रेक्षकांत पडलं. चौदाव्यात फ्रेझरचा उजवा डोळा पूर्ण मिटला होता. आणि डाव्या डोळ्याने त्याला आधीपासूनच धड दिसत नव्हतं, हे त्याने वर्षानुवर्षं लपवलेलं. म्हणजे तो माणूस ठोसे न बघता खात होता.

पंधरावा राउंड उरला होता. तीन मिनिटं. फ्रेझरचे प्रशिक्षक एडी फुच यांनी सांगितलं, बस झालं. फ्रेझर हट्ट करत होता, उठायला बघत होता. फुच यांनी ऐकलं नाही. रिंगमधला मार खाऊन माणसं मेलेली त्यांनी पाहिली होती. पलीकडे अलीला उभं राहणं कठीण झालं होतं. मरणाच्या इतक्या जवळ आपण कधी गेलो नव्हतो, असं तो नंतर म्हणाला. पंधरावा झाला असता तर कोण जिंकलं असतं यावर आजही वाद घालतात. दोघं जिवंत घरी गेले, याचं श्रेय मात्र फुच यांना द्यायला बरेच जण विसरतात.

सात वर्षांनी, नोव्हेंबर १९८२ मध्ये, दक्षिण कोरियाचा किम दुक-कू लास व्हेगासमध्ये चौदाव्याच राउंडला कोसळला आणि काही दिवसांनी गेला. त्यानंतर जगज्जेतेपदाच्या लढती पंधराच्या बारा राउंडवर आल्या. आपल्याकडेच काय, जगभर नियम असेच बदलतात. आधी कुणाचा तरी जीव जावा लागतो.

अलीच्या कोपऱ्यात मात्र वेळेवर ‘बस’ म्हणणारं कुणी निघालं नाही. त्याचे डॉक्टर पाचेको सांगून थकले आणि १९७७ साली सोडून गेले. १९८० ला लॅरी होम्ससमोर ३८ वर्षांचा अली दहा राउंड नुसता मार खात राहिला, तेव्हा कुठे लढत थांबवली. वर शेवटची १९८१ ला बर्बिकशी, तीही हरला. १९८४ ला पार्किन्सन्सचं निदान. सगळा दोष बॉक्सिंगवर टाकता येईल का, ते डॉक्टरांनी बोलावं. पण आपण ज्याला थरार म्हणतो, त्याचं बिल कुणाच्या तरी शरीरावर फाटतं एवढं खरं.

फ्रेझर पुढे फिलाडेल्फियात आपल्या जिमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. शहरात पुतळा उभा राहिला तो रॉकीचा, सिनेमातल्या बॉक्सरचा. खऱ्याखुऱ्या फ्रेझरचा पुतळा बसला २०१५ ला, तो जाऊन चार वर्षं झाल्यावर. अलीने २००१ साली वर्तमानपत्रातून माफी मागितली. फ्रेझरचा राग कधी उतरायचा, कधी परत चढायचा. माणूस आहे.

नोव्हेंबर २०११ ला फ्रेझरच्या अंत्यविधीला अली आला होता. थकलेला, हात थरथरणारा, बोलणं जवळजवळ बंद. जेसी जॅक्सन यांनी सगळ्यांना उभं राहून फ्रेझरसाठी टाळ्या वाजवायला सांगितलं. अली उठला आणि त्याने टाळ्या वाजवल्या.

म्हणून पुढच्या वेळी कुणी विचारलं, बघायला सगळ्यात भारी कारकीर्द कुणाची, तर अलीचं नाव जरूर घ्या. पण त्याच दमात फ्रेझरचंही घ्या. टाळी एका हाताने वाजत नाही, हे त्या दिवशी अलीला आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळलं असणार.