भ्रमर आणि मक्षिका: एका अर्थभेदाचा मागोवा

'भ्रमर' म्हणजे मधमाशी, असे काव्याचा अर्थ लावताना सहज गृहीत धरले जाते. परंपरेने मात्र हे दोन कीटक वेगळे राखले होते. अमरकोशाच्या सिंहादिवर्गात मधुकर, षट्पद, भृंग, भ्रमर ही नावे एका गटात येतात; सरघा व मधुमक्षिका यांची नोंद स्वतंत्र आहे. (त्याच गटातील 'द्विरेफ' हे नाव तर कीटकावरून नव्हे, 'भ्रमर' या शब्दातील दोन रकारांवरून पडलेले!)

ज्ञानेश्वरीच्या (शके १२१२) पहिल्या अध्यायात कोरडे लाकूड पोखरणारा भ्रमर कोवळ्या कळीत सापडतो. लाकूड पोखरणे हे भुंग्याचे काम. मधमाशीला ते साधत नाही. तेथे मधमाशी कल्पिली, तर स्नेहाने हतबल झालेल्या अर्जुनासाठी योजलेला दृष्टान्तच ढासळतो.

भागवताच्या एकादश स्कंधात, आठव्या अध्यायात, हा भेद नैतिक पातळीवर जातो. घरोघरी थोडेथोडे घेण्याची मुनीची वृत्ती 'माधुकरी' ठरते. लहानमोठ्या शास्त्रांतून सार वेचणारा 'षट्पद' अनुकरणीय ठरतो. साठा करून साठ्यासह नाश पावते ती मात्र 'मक्षिका'. स्तुतीला एक शब्द आणि निषेधाला दुसरा, ही निवड अनवधानाची मानता येत नाही. एकनाथांनी १५७३ मध्ये वाराणसीत पूर्ण केलेली टीका याच स्कंधावरची आहे.

पुढे मराठीत 'माधुकरी' यतीच्या झोळीतून गरीब विद्यार्थ्याच्या झोळीत आली. सुटा 'मक्षिका' शब्द उरला तो मुख्यतः 'मक्षिकास्थाने मक्षिका' या नकलकाराच्या उपहासात, आणि तेथे तर तिचा मधाशी काही संबंधच नाही.