तडा गेलेलं कव्हर आणि मॅग्नेशियमचं विमान

मागच्या पावसाळ्यात माझी डर्ट बाइक उजव्या अंगावर पडली. ब्रेकचं पेडल आत वाकलं आणि क्लच कव्हरला तडा! बूट ऑइलने माखला. एपॉक्सी फासून कसाबसा घरी आलो. गॅरेजवाला म्हणाला, "दादा, आर्गॉन मारावं लागेल." त्या एका शब्दाच्या मागे लागलो आणि थेट कॅलिफोर्नियात पोचलो.

दुसऱ्या महायुद्धाचा काळ. ॲल्युमिनियमचा तुटवडा पडेल या भीतीने नॉर्थ्रॉप कंपनी मॅग्नेशियमचं विमान बनवत होती, एक्सपी-56. पण मॅग्नेशियम हवेत तापलं की पेटतं, मग जोडायचं कसं? तिथल्या रसेल मेरेडिथने टंगस्टनच्या टोकाभोवती हेलियम सोडला, हवा बाजूला सारली आणि जोड बसला. 1942 मध्ये पेटंट मिळालं. विमानं मात्र दोनच झाली, त्यातलं पहिलं 1943 मध्ये अपघातात मोडलं. उरलं ते टिग वेल्डिंग. आता हेलियमऐवजी बहुतेक ठिकाणी आर्गॉन, म्हणून आपल्याकडे ते नाव.

आपल्या कव्हरला हेच का लागतं? ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, पण त्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा 2000 च्याही वर. टिगचा एसी करंट तो पापुद्रा फोडतो.

माझं कव्हर आधी तेल जाईपर्यंत धुतलं. तडा पुढे पळू नये म्हणून त्याच्या टोकांना बारीक भोकं पाडली, मग वेल्ड. वर मी गार्ड बसवला. गार्डवर आता दोन ओरखडे आहेत, कव्हर शाबूत!