फवारणी आणि रक्तातली साक्ष

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. दोष हातमोजे न घालणाऱ्या मजुराचा की एकात एक औषधे मिसळायला सांगणाऱ्या दुकानदाराचा, यावर पुष्कळ वाद झाला. माझ्या मते या मरणांचे मूळ जुन्या हलगर्जीत आहे. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन या कीटकनाशकाने दूषित झालेल्या गव्हामुळे शंभरावर माणसे मेली. पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला आणि १९७१ च्या नियमांनी ऑर्गनोफॉस्फरस व कार्बामेट गटांतली विषे बनवणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांच्या रक्तातील कोलिनेस्टेरेज हे प्रथिन दरमहा मोजण्यास सांगितले. धोका कायद्याला ठाऊक होता. त्यावरची तपासणी मात्र सेहेचाळीस वर्षांत यवतमाळच्या धुऱ्यापर्यंत आली नाही.

ही मोजणी काय सांगते? रक्तातली प्रथिने ओझी वाहतात. अल्ब्युमिन या प्रथिनाचा हा गुण हेरून कर्करोगावरचे पॅक्लिटॅक्सेल त्याला जोडले गेले आणि २००५ मध्ये अमेरिकेत त्या औषधाला मान्यता मिळाली. पण मोनोक्रोटोफॉससारखे ऑर्गनोफॉस्फरस विषही रक्तात शिरले की अल्ब्युमिनला आणि ब्युटिरिलकोलिनेस्टेरेजला चिकटते. हे दुसरे प्रथिन म्हणजे नियमांतल्या कोलिनेस्टेरेजचाच एक प्रकार; ते यकृतात तयार होते आणि विष धरून ठेवताना स्वतः निकामी होते. म्हणून रोज थोडे थोडे विष अंगात जात असेल, तर माणूस कोसळण्याआधीच या प्रथिनाची घसरण तपासणीत दिसू शकते. मानवी रक्तद्रवातून हेच प्रथिन वेगळे काढून रासायनिक युद्धातल्या विषांपासून सैनिकांना वाचवता येईल का, यावर संशोधन झाले आहे. सैनिकासाठी जे सुचले, त्यातली साधी मोजणीसुद्धा कपाशीतल्या मजुराच्या वाट्याला येऊ नये, याची चीड येते.

यवतमाळात वापरलेली सगळीच औषधे ऑर्गनोफॉस्फरस गटातली नव्हती, मग या तपासणीने काय साधले असते, असा आक्षेप घेता येईल. तो खरा आहे, पण अपुरा. कोलिनेस्टेरेजचे प्रमाण घसरलेले दिसले तर अॅट्रोपिन या उताऱ्याच्या उपचाराला आधार मिळतो. न घसरलेले दिसले तर डॉक्टर दुसऱ्या विषाचा शोध घेऊ शकतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: निरोगी माणसांतही हे प्रमाण बरेच वेगवेगळे असते, त्यामुळे विषबाधेनंतरचा एकटा आकडा फसवू शकतो. म्हणूनच फवारणीचा हंगाम सुरू होण्याआधी त्याच माणसाचे रक्त एकदा तपासलेले असावे लागते. रोजंदारीवर आज या वावरात, उद्या त्या वावरात पंप पाठीवर घेणाऱ्याची अशी नोंद कोणताही एक मालक ठेवणार नाही. ती प्राथमिक आरोग्य केंद्राने जूनमध्येच घ्यायला हवी.