सरहद्दीपलीकडचे पुस्तक

छत्रपती संभाजीनगराहून जालन्याच्या वाटेला लागले, की शेंद्रा लागते. मांगीरबाबाच्या यात्रेचे हे गाव आज कारखान्यांमुळे ओळखले जाते. परंतु १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत ते निजामाच्या मुलखात होते. त्या मुलखाचे नाणे निराळे, ते हाली. जकात निराळी, ती करोडगिरी. आणि मालाप्रमाणे विचारही सरहद्दीवर अडविले जात.

१९३८ साली आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढले, ते पुण्याहून. निजामी राज्यात त्याला बंदी झाली. वाघमाऱ्यांनी नाव बदलले. त्या नावालाही बंदी झाली, तेव्हा आणखी नवे नाव घेतले. हुकूम थकले, पत्र थकले नाही.

आज ती सरहद्द उरली नाही. तरी शेंद्र्यातला एखादा विद्यार्थी फोनवर ई-पुस्तक घेऊ लागला, तर ‘आपल्या देशात उपलब्ध नाही’ असे उत्तर कधी कधी येते. पैसे तयार, पुस्तक तयार. आड येतो तो करार. पुस्तकाचे हक्क देशोदेशी निरनिराळ्या प्रकाशकांना विकण्याची रीत जुनी आहे. भारतातला हक्क पेंग्विनकडे असलेल्या पुस्तकांच्या अमेरिकन आवृत्त्या येथे आणून विकणे हा हक्कभंग होय, असे दिल्ली उच्च न्यायालयाने १९८४ साली ठरविले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र २०१३ साली, परदेशातील स्वस्त पाठ्यपुस्तके आणून विकणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाजूने कौल दिला. अर्थात हे न्याय कागदी पुस्तकांचे. ई-पुस्तकाचा बहुधा केवळ वाचनाचा परवाना मिळतो.

मग खोटा पत्ता देऊन ते घ्यावे काय? वाघमाऱ्यांचा दाखला देण्याचा मोह होतो. पण तो लागू पडत नाही. तेथे राजसत्ता लेखणी अडवीत होती. येथे हक्कांची वाटणी लेखकाच्याच संमतीने झालेली असते. शिवाय खोट्या पत्त्याने परवान्याची अट मोडते, आणि विक्रेता खाते बंद करू शकतो. तथापि मोल देऊ पाहणारा वाचक आणि फुकट प्रत उतरविणारा, या दोघांना एकाच पारड्यात घालणेही अन्यायाचेच.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एक शहाणी सवलत आहे: स्वतःच्या घरगुती वाचनासाठी कोणत्याही ग्रंथाची एक प्रत परदेशाहून आणता येते. म्हणजे परदेशी राहणाऱ्या आतेभावाकडून छापील पुस्तक मागविणारा वाचक निर्दोष! कागदाच्या पुस्तकाला दाखविलेले हे औदार्य विजेच्या पुस्तकाच्या वाट्याला कधी येईल? तोवर वाचकाने खोटे बोलू नये. आणि प्रकाशकांनी, वाचकाला खोटे बोलावे लागेल अशी दारे बंद करू नयेत.