पद्मिनीचा करंट

गेल्या पावसाळ्यानंतर आमची प्रीमिअर पद्मिनी सुरू व्हायची, चौकापर्यंत जायची आणि आचके देत बंद पडायची. मेकॅनिककाकांनी डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली, मधला शाफ्ट चिमटीत धरून हलवला. "बघ, पडायला आलेल्या दातासारखा हलतोय. बुश गेलाय. दुसरा डिस्ट्रिब्युटर शोध."

बाबा म्हणाले, "किती खर्च करणार आहेस अजून? भंगारात देऊन टाकू." गाडी आजोबांची. आजोबा गेले तेव्हापासून बाबा तिच्यात बसलेले नाहीत. त्यामुळे भंगाराचा विषय निघाला की मला तो फक्त खर्चाचा वाटत नाही.

ज्यांनी फक्त नव्या गाड्या पाहिल्यात त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पेट्रोल इंजिनात प्रत्येक सिलिंडरला नेमक्या क्षणी ठिणगी लागते. बॅटरी देते १२ व्होल्ट, पण ठिणगीला हजारो व्होल्ट हवेत. डिस्ट्रिब्युटरच्या आत दोन छोटे पॉइंट असतात. ते उघडले की कॉइलचा प्रवाह तुटतो आणि त्या झटक्यात कॉइलमधून हजारो व्होल्ट बाहेर पडतात. वर फिरणारा रोटर तो करंट आळीपाळीने चार तारांना वाटतो, १-३-४-२ या क्रमाने. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १०० ठिणग्या. आणि हे सगळं अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या फटीवर.

ही पद्धत रुळवली ती चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरने. त्याआधी तो दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवत होता. १९०९ मध्ये त्याने ओहायोतल्या डेटन गावात सहकाऱ्यांबरोबर डेल्को कंपनी काढली आणि त्यांची इग्निशन कॅडिलॅकच्या १९१०च्या मॉडेलवर बसली. पुढे जगभरच्या गाड्यांनी जवळपास सात दशकं हीच कल्पना वापरली. स्पेनमध्ये डिस्ट्रिब्युटरला आजही 'डेल्को'च म्हणतात.

आपल्याकडे ही कल्पना कुर्ल्यात पोचली. सांगलीच्या कॉलेजामुळे वालचंद हिराचंद हे नाव आपल्या इंजिनिअर मंडळींना माहीत असतं. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली. सुरुवातीला कुर्ल्याच्या कारखान्यात अमेरिकन गाड्यांची जुळणी व्हायची. १९५०च्या दशकात सरकारने धोरण ठरवलं: नुसती जुळणी चालणार नाही, गाडी इथेच बनवायची तयारी हवी. जनरल मोटर्सने मुंबईतला कारखाना बंद केला. प्रीमिअर टिकली आणि तिने इटलीच्या फियाटची ११०० इथे आणली. हीच गाडी १९७०च्या दशकात 'पद्मिनी' झाली.

गाडी इथे बनवायची म्हणजे तिचे सुटे भागही इथेच बनायला हवेत. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मद्रासजवळ पाडी इथे ब्रिटिश लुकास आणि टीव्हीएस यांचा संयुक्त कारखाना आला, तो अशाच भागांसाठी. म्हणजे कल्पना अमेरिकेची, इंजिन इटलीचं, इलेक्ट्रिकलची विद्या ब्रिटिशांची आणि हात आपले. परवाना राजला आपण नावं ठेवतो, आणि एका गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबलेल्या माणसांना तो हक्कही आहे. पण गल्लीबोळातल्या मेकॅनिकला गाडीचा प्रत्येक स्क्रू पाठ झाला, तोही त्याच काळात.

मी पुण्याहून कुर्ल्याला सीएसटी रोडवर गेलो. जिथे पद्मिनी बनायची तिथे आता कोहिनूर सिटीच्या इमारती आहेत, पण तिचे सुटे भाग जवळच्याच रस्त्यावर अजून मिळतात. मात्र पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या. "टॅक्सी गयी, माल गया," दुकानदार म्हणाला आणि त्याने एक वेगळाच डिस्ट्रिब्युटर पुढे केला. "दूसरी गाड़ी का है, पर चलेगा. चार सिलिंडर, चार तार. क्या फरक पड़ता है?"

फरक पडतो. शाफ्टची लांबी, खालची जोडणी आणि फिरण्याची दिशा जुळली, तरी एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. पेट्रोल जळायला वेळ लागतो, म्हणून इंजिनाचा वेग वाढला की ठिणगी आधी पडायला हवी. ३००० फेऱ्यांवर एक अंश म्हणजे सेकंदाचा अठरा हजारावा भाग. हे गणित डिस्ट्रिब्युटरमधली दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा करतात. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि पॉइंट लवकर उघडतात. किती लवकर, ते स्प्रिंगांचा ताण ठरवतो, आणि तो त्या-त्या इंजिनासाठी ठरवलेला असतो. आजच्या गाडीत हेच काम कंट्रोल युनिटमधला आकड्यांचा तक्ता करतो. मी दिवसभर कोड लिहितो, पण स्प्रिंगमध्ये लिहिलेला प्रोग्राम पहिल्यांदाच पाहत होतो. दुसऱ्या इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर बसवणं म्हणजे दुसऱ्याच मशीनचा कोड चालवणं. गाडी सुरू होईल, पण चढावर खटखटेल किंवा दम सोडेल.

माझ्यापुढे तीन पर्याय होते. दुसऱ्या गाडीचा नवा; आमच्याच मॉडेलचा पण वापरलेला, ज्याचा बुश किती टिकेल ते देव जाणे; किंवा आमचाच दुरुस्त करणं. मी तिसरा निवडला. लेथवाल्याकडून ब्राँझचे नवे बुश करून घेतले. वजनं आणि स्प्रिंगा आहेत त्याच ठेवल्या. पॉइंटच्या जागी सेन्सरचं इलेक्ट्रॉनिक किट बसवायचं ठरवलं, कारण त्यात घासणारं काही नाही. बाहेरून गाडी तशीच दिसते.

रात्री हे बाबांना सांगत होतो. ते म्हणाले, "ते किट बोरघाटात गेलं तर काय करशील?"

मग स्वतःच सांगू लागले. ते शाळेत असताना खंडाळ्याच्या चढावर गाडी बंद पडली होती. आजोबांनी कॅप काढली, काडेपेटीच्या गुलाच्या बाजूने पॉइंट घासले, फट नजरेनेच लावली आणि दहा मिनिटांत गाडी निघाली. "तुझं किट घासून चालू होतं का?"

नाही होत. सेन्सर मेला की मेला. म्हणून मी जुने पॉइंट आणि कंडेन्सर फेकले नाहीत. पुसून, डबीत घालून, स्क्रूड्रायव्हर आणि फीलर गेजसह डिकीत ठेवलेत. गरज पडली तर अर्ध्या तासात परत बसतात.

गाडी पहिल्यांदा नीट चालली तेव्हा काका टायमिंग लाइट धरून होते. बाबा बाजूला उभे राहून ऐकत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "अजून एक केस मागे घे." काकांनी डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवला. आवाज मऊ झाला.

मग बाबांनी मागितली ती किल्ली. डबीत काडेपेटी आहे का, तेही विचारलं.