नावातच बाजार

स्पेनच्या ईशान्य किनाऱ्यावर, कॅटलोनियात, एम्पुरिएस नावाचे एक उघड्यावरचे पुरातत्त्व संग्रहालय आहे. समुद्राकडून चढत जाणाऱ्या उतारावर घरांची जोती, पाण्याची टाकी, देवळांचे चौथरे आणि मासे खारवण्याचे हौद जिथल्या तिथे राखले आहेत. खाली वाळूत जुन्या धक्क्याचे दगड आजही उभे आहेत. आशिया मायनरमधल्या फोकाया शहराच्या ग्रीकांनी मासालियाहून, म्हणजे आजच्या मार्सेयहून, इ.स.पू. ५७५च्या सुमारास इथे ठाणे दिले. त्यामुळे जागेची ओळख एका वाक्यात आटोपते : ग्रीकांची पश्चिमेकडची वसाहत. माझा आक्षेप या वाक्यालाच आहे. वसाहत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वखारीतून राज्यापर्यंत पोचलेली कंपनी येते : परक्यांचा अंमल, बळकावलेली जमीन, दबलेले स्थानिक. इथे आलेल्यांनी मात्र गावाला नाव दिले एम्पोरिऑन. अर्थ सरळ आहे, बाजारपेठ. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापाराच्या मार्गदर्शिकेच्या ग्रीक लेखकाने हाच शब्द आपल्या कल्याणसाठी आणि चौल मानल्या जाणाऱ्या सेमुल्लासाठी वापरला आहे. तेवढ्यावरून कल्याणला कोणी ग्रीक वसाहत म्हणत नाही, आणि ते बरेच आहे. या शब्दातून तिथे काय चालते ते कळते, जागा कोणाची ते कळत नाही.

पण जमिनीवर तर ग्रीक नगर दिसते, त्याचे काय? उघड्यावरच्या संग्रहालयाची एक खोड असते. जे शेवटी बांधले गेले ते वर राहते, आणि येणाऱ्याला तेच दिसते. एम्पुरिएसचा चौक, त्याच्या कडेची खांबांची ओवरी, दक्षिणेची भक्कम तटबंदी ही मुख्यतः इ.स.पू. दुसऱ्या शतकातली आहेत. तोवर रोमन फौज याच बंदरात उतरून गेलेली होती : इ.स.पू. २१८ मध्ये ग्नेयस स्किपिओ, १९५ मध्ये काटो. म्हणजे ज्याला आपण फोकायाच्या खलाशांचे गाव समजून पाहतो, ते बऱ्याच अंशी रोमच्या सावलीत वाढलेले गाव आहे. पहिली वस्ती थोड्या उत्तरेला, तेव्हाच्या एका लहानशा बेटावर होती. आज ते बेट जमिनीला जोडले गेले आहे आणि त्यावर सांत मार्ती हे नांदते गाव आहे. लोकांची घरे उठवून खोदता येत नाही. तरी १९९०च्या दशकात तिथे जेवढे खणता आले, तेवढ्यात ग्रीक थराच्याही खाली स्थानिक लोकांची वस्ती मिळाली आणि तिच्यात फिनिशियन मालाची भांडी मिळाली. ग्रीक आले तेव्हा समुद्रपारचा माल इथे आधीच उतरत होता. संग्रहालयात हा थर पायाखाली येत नाही, म्हणून तो विचारातही येत नाही. शिवाय इथली कुदळही निर्हेतुक नव्हती. १९०८ मध्ये उत्खनन सुरू केले ते जोसेप पुच इ काडाफाल्क यांनी. ते वास्तुविशारद होते आणि कॅटलन राष्ट्रवादाचे पुढारीही. माद्रिदपेक्षा आपले मूळ वेगळे आहे असे सांगणाऱ्या पिढीला ग्रीक पूर्वज हवेच होते. पुढच्याच वर्षी एका टाक्यातून एस्क्लेपिओस या ग्रीक देवाची समजली गेलेली संगमरवरी मूर्ती निघाली आणि पूर्वज हाती लागले. ती मूर्ती बार्सिलोनाला गेली आणि थेट २००८ मध्ये परतली. १९९२ची ऑलिंपिक ज्योतही ग्रीसहून समुद्रमार्गे आणून याच किनाऱ्यावर उतरवली गेली. सोहळा देखणा होता; इतिहास म्हणून तो निम्माच होता.

यावर सर्वांत वजनदार हरकत रोमन इतिहासकार लिव्हीची आहे. त्याच्या वर्णनात ग्रीकांचे गाव आणि हिस्पानींचे, म्हणजे स्थानिकांचे, गाव यांच्यामध्ये भिंत आहे, भिंतीला एकच दरवाजा, त्यावर सतत एक अधिकारी, आणि रोज रात्री एक तृतीयांश नागरिक पहाऱ्याला. हा शेजार नव्हे, वेढा वाटतो. मात्र लिव्ही लिहितो काटोच्या स्वारीच्या निमित्ताने, म्हणजे युद्धाच्या वर्षाबद्दल, आणि तेही जवळजवळ दोनशे वर्षांनी. तोच पुढे सांगतो की ग्रीक त्या दरवाजातून घोळक्याने बाहेर पडत ते व्यापारासाठी. हिस्पानींना जहाजांचा माल हवा होता आणि आपले शेतातले पीक खपवायचे होते. पहारा खरा मानला तरी तो बाजाराचाच पहारा ठरतो. आपल्याकडच्या पेठांनाही वेस होती, रात्री वेशीचा दरवाजा लागायचा. म्हणून गावकरी आणि व्यापारी एकमेकांचे वैरी ठरत नाहीत. ग्रीक भूगोलकार स्ट्राबो तर म्हणतो की जोडगाव एका तटात घ्यावे ही इच्छा शेजारच्या इंदिकेती लोकांचीच होती, आणि काळाच्या ओघात दोघांचा कारभार एक होऊन ग्रीक आणि स्थानिक कायदे त्यात मिसळले.

मोठ्या दगडांपेक्षा मला एका शिशाच्या पत्र्याचा पुरावा अधिक भरवशाचा वाटतो. तो दक्षिण फ्रान्समधल्या पेश माओ इथे सापडला, काळ इ.स.पू. पाचवे शतक. पत्र्याच्या एका बाजूला एट्रुस्कन मजकूर आहे, दुसऱ्या बाजूला ग्रीक. ग्रीक मजकूर म्हणजे एक व्यवहाराची नोंद : कोणा कुप्रिओसने एम्पोरिऑनच्या लोकांकडून होडी घेतली आणि तिचा अर्धा हिस्सा लिहिणाऱ्याला दिला. पैसे रोख. होड्या जिथे नांगरून ठेवतात तिथे इसार दिला गेला. इसारासाठी वापरलेला ‘अर्राबोन’ हा शब्दही ग्रीकांनी पूर्वेकडच्या सेमिटिक व्यापाऱ्यांकडून उचललेला. आणि इसार देताना साक्षीला कोण उभे होते? बासिगेर्रोस, ब्लेरुआस, गोलोबिउर, सेदेगोन. यांतले एकही नाव ग्रीक नाही. लिहिणारा ग्रीकमध्ये लिहितो आहे, पण उद्या तंटा झाला तर ज्यांच्या शब्दावर तो विसंबणार आहे ती माणसे तिथलीच आहेत. ज्याला दाबून ठेवले त्याला कोणी साक्षीदार करत नाही.

उरते देवळांची आणि नाण्यांची हरकत. एम्पोरिऑनच्या चांदीच्या द्राख्मांवर पंख असलेला घोडा आहे, अगदी ग्रीक. पण त्यांच्या नकला आसपासच्या इबेरियन लोकांनी आपल्या लिपीतल्या अक्षरांसह पाडल्या. नाणे सर्वांनी आपलेसे केले होते. देवळांच्या आवारात मिळालेला इ.स.पू. पहिल्या शतकातला लेख लॅटिन आणि ग्रीक अशा दोन भाषांत आहे, आणि बैठकी व ओवऱ्या बांधणारा नुमास हा दाता अलेक्झांड्रियाचा आहे. त्याचा देव सेरापिस, म्हणजे मूळचा इजिप्तकडचा. राहता राहिला लिव्ही. दोन गावांच्या त्याच वर्णनात तो सांगून जातो की सीझरने तिथे रोमन वसाहतकरीही आणून बसवले आणि आता सगळे एकजीव झाले आहेत. रोमचे नागरिकत्व मिळाले तेही आधी हिस्पानींना, ग्रीकांना त्यानंतर.