डबलरखालचा हिशेब

नांदेड जिल्ह्यातल्या देगलूरच्या दक्षिणेला, सरळ रेषेत सत्तरेक किलोमीटरवर, बिदरचा हवाईदलाचा तळ आहे. वैमानिकांचे प्रशिक्षण हे या तळाचे जुने काम. आधी तेथे ‘किरण’ विमाने होती, 2008पासून ‘हॉक’ आली. ‘सूर्यकिरण’ हे कसरती पथकही 1996मध्ये याच तळावर उभे राहिले. नवशिक्याचे आदळत उतरणे, पुन्हा पुन्हा घेतलेल्या घिरट्या, पंखांवर वजनाच्या कितीतरी पट येणारा भार, हे सगळे प्रशिक्षण विमानाच्या वाट्याला येते. दर खेपेला पंखाच्या मुळाशी धातू थोडा ताणला जातो आणि सैल होतो. म्हणून अशा विमानाचे वय नुसत्या वर्षांत मोजून भागत नाही. किती उड्डाणे झाली आणि त्यांत किती वेळा किती भार आला, याची नोंद ठेवावी लागते. कुठे तडा गेला वा पत्रा पिचला तर दुरुस्ती करता येते. पण दुरुस्तीनंतर भार कोणत्या वाटेने जाईल, हे आधी कागदावर मांडावे लागते.

भारतात या हिशेबाच्या विद्येची गरज विमाने बनवण्यापेक्षा ती दुरुस्त करताना जास्त भासली. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत 23 डिसेंबर 1940 रोजी बंगळुरात हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली, ती विमाने बांधण्यासाठी. पण दुसरे महायुद्ध दाराशी आले. 1942मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला आणि 1943मध्ये कारखाना अमेरिकी हवाईदलाच्या हाती दिला. तेथे मुख्य काम झाले ते दुरुस्तीचे. युद्ध संपल्यावर उरलेली लष्करी डकोटा विमाने प्रवासी सेवेसाठी बदलून देण्याचे काम याच कारखान्याने केले. स्वातंत्र्यानंतर याहून अवघड काम आले. ब्रिटिशांनी जाताना कानपूरला मोडतोड करून टाकलेली चाळीसहून अधिक लिबरेटर बॉम्बफेकी विमाने 1948च्या सुमारास कशीबशी उडण्याजोगी करून बंगळुरात आणली गेली आणि तिथे पूर्ण दुरुस्त झाली. त्यांतली काही 1968पर्यंत हवाईदलात होती.

त्या काळातला हिशेब बळाचा होता. फाटका भाग गोलसर कापून काढायचा, कारण टोकदार कोपऱ्यावर ताण साठतो. त्यावर त्याच जातीच्या अॅल्युमिनियमचा, मूळ पत्र्याइतका किंवा किंचित जाड पत्रा बसवायचा. कारागीर त्याला डबलर म्हणतात. मग मूळ पत्रा जेवढा भार वाहत होता तेवढा रिव्हेटांतून डबलरमध्ये आणि पलीकडे पुन्हा मूळ पत्र्यात पोचतो की नाही, हे तपासायचे. विमानाला सेवेत येऊ शकणाऱ्या कमाल भाराच्या दीडपट भार सोसता आला पाहिजे, हा नियम दुरुस्तीलाही लागू होतो. डकोटाच्या केबिनमध्ये हवेचा दाब भरलेला नसे. त्यामुळे बळ पुरले की बहुतेक काम झाले, असे मानता येत होते.

दाब भरलेल्या केबिनने हे समीकरण बदलले. 2 मे 1953 रोजी कलकत्त्याच्या दमदमहून निघालेले कॉमेट जेट काही मिनिटांत वादळात सापडून कोसळले; 43 जण गेले. पुढच्या वर्षी जानेवारीत आणि एप्रिलमध्ये आणखी दोन कॉमेट इटलीजवळ समुद्रात पडली. तेव्हा इंग्लंडमध्ये फार्नबरो येथे एक अख्खे कॉमेट पाण्याच्या टाकीत बुडवून त्याच्यात पाण्याचा दाब पुन्हा पुन्हा भरण्यात आला. खरी उड्डाणे व टाकीतली आवर्तने मिळून 3,057व्या खेपेला धड फाटले. एका दाबाला पुरून उरणारा पत्रा हजारो दाबांनी थकतो, हे त्यानंतर कुणाला नाकारता आले नाही.

दाबामुळे पत्र्यात येणारा ताण किती असतो? केबिनची त्रिज्या 1.9 मीटर, पत्रा 1 मिलिमीटर आणि आतबाहेरच्या दाबातला फरक 0.055 मेगापास्कल धरला, तर पत्र्यातला परिघीय ताण साधारण 105 मेगापास्कल येतो. म्हणजे 25 मिलिमीटर रुंदीच्या पट्टीवर सुमारे 2,600 न्यूटनची ओढ. चार मिलिमीटरच्या साध्या अॅल्युमिनियम रिव्हेटची कापली जाण्याआधीची ताकद जवळपास तेवढीच असते. 25 मिलिमीटरच्या अंतराने रिव्हेटांची एकच ओळ मारली, तर रोजच्याच भाराला ती काठावर येते आणि दीडपट भाराला कमी पडते. म्हणून दोन ओळी, बहुधा तीन. पण ओळी वाढवल्याने भार सारखा वाटला जात नाही. काठाकडच्या ओळी अधिक उचलतात आणि तडा बहुतेकदा मूळ पत्र्यात, सर्वांत बाहेरच्या ओळीच्या भोकाशी सुरू होतो. डबलर अनावश्यक जाड घेतला तर ताठपणामुळे तो आणखी भार स्वतःकडे ओढतो आणि ती ओळ आधी थकते. दणकट दिसणारी दुरुस्ती म्हणजे टिकाऊ दुरुस्ती, हा समज कारागिराने लवकर सोडलेला बरा.

असाच हिशेब हुकला तो जपानमध्ये. 1978मध्ये ओसाका येथे एका बोइंग 747ची शेपटी धावपट्टीला घासली. केबिनचा दाब अडवणाऱ्या मागच्या भिंतीच्या दुरुस्तीत सलग हवी असलेली जोडपट्टी दोन तुकड्यांत बसवली गेली. त्यामुळे जिथे दोन ओळींनी भार न्यायचा तिथे प्रत्यक्षात एकाच ओळीवर तो आला. वरून पाहून काही कळत नव्हते. सुमारे 12 हजार उड्डाणांनंतर, 12 ऑगस्ट 1985 रोजी, भिंत फाटली; 520 जण मेले, चौघे वाचले. 2002मध्ये तैवानजवळ कोसळलेल्या दुसऱ्या 747ची कथा वेगळी. 1980च्या अशाच शेपटी-घासणीनंतर ओरखडलेला पत्रा कापून न काढता त्यावर डबलर चढवला होता. तडे त्याच्याखाली वाढत राहिले आणि तपासणीच्या नजरेआड राहिले. 225 बळी गेले. एकीकडे भाराची वाट चुकली, दुसरीकडे तडा झाकला गेला.

नियमही याच दिशेने सरकले. 1978पासून अमेरिकेत मोठ्या प्रवासी विमानांच्या नव्या रचनांसाठी तडा असणारच असे धरून, तो घातक लांबीला पोचण्याआधी किती वेळा तपासणी व्हायला हवी, हे सिद्ध करणे आले. दुरुस्त्या व बदल यांनाही असाच हिशेब लावण्याचा अमेरिकी नियम 2007चा.

भारतात मात्र दुरुस्ती करणाऱ्याच्या अडचणीला आणखी एक बाजू होती. परवान्यावर विमान बांधले की रेखाचित्रे मिळतात, पण प्रत्येक भागावर किती भार येतो याचे मूळ गणित बहुधा निर्मात्याकडेच राहते. स्वतःच्या आराखड्याच्या विमानात ही अडचण नसते. ‘एचटी-2’ हे प्रशिक्षण विमान 5 ऑगस्ट 1951 रोजी उडाले, तेव्हा त्याच्या मागे गोटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले मराठी अभियंते विष्णू माधव घाटगे होते. बिदरची ‘किरण’ही त्यांच्याच काळातली, तिचे पहिले उड्डाण 1964चे.

त्याच वर्षी नाशिकजवळ ओझरला सोव्हिएत परवान्याने मिग-21 बांधण्याचा कारखाना उभा राहू लागला. नाशिकचे तेव्हाचे खासदार यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते. ओझरने पुढे मिग-27 आणि 2004पासून सुखोई-30एमकेआय बांधली. शेजारीच हवाईदलाचा दुरुस्ती डेपो आहे. तिथे मिग-29सारखी विमाने पूर्ण उघडून, तपासून पुन्हा सेवेत पाठवली जातात.

सुखोईला ब्राह्मोस क्षेपणास्त्र लावणे ही येथली सर्वांत मोठी कसोटी. अडीच टनांचे हे ओझे मूळ रचनेत धडाखाली टांगण्यासाठी धरलेले नव्हते. ते पकडणारी नवी जोडणी बसवायची आणि तिचा भार आतल्या चौकटींपर्यंत पोचवण्यासाठी धड मजबूत करायचे, हे काम हिंदुस्तान एअरक्राफ्टचाच वारसा चालवणाऱ्या ‘हॅल’ने ओझरच्या कारखान्यात केले. ओझ्यासकट तीव्र वळण, आदळते उतरणे आणि क्षेपणास्त्र सुटताच अडीच टनांचा भार एकाएकी नाहीसा होणे, अशा साऱ्या प्रसंगांत मूळ सांगाड्याला काय सोसावे लागते, याचा हिशेब त्यात करावा लागतो. 25 जून 2016 रोजी बदललेले विमान क्षेपणास्त्रासह ओझरहून प्रथम उडाले. 22 नोव्हेंबर 2017 रोजी बंगालच्या उपसागरावर पहिला मारा झाला आणि जानेवारी 2020मध्ये तंजावरला या विमानांची तुकडी उभी राहिली.

प्रवासी विमानांच्या बाबतीत नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगने उभारलेले दुरुस्ती केंद्र 2015मध्ये एअर इंडियाच्या अभियांत्रिकी कंपनीकडे आले. अशा कामात नेहमीच्या दुरुस्त्या निर्मात्याच्या पुस्तिकेतून घेता येतात. पुस्तिकेच्या मर्यादेबाहेरची इजा असली तर स्वतंत्र गणित करून मंजुरी घ्यावी लागते. त्या मंजुरीत डबलरच्या मापांबरोबर किती उड्डाणांनी आणि कोणत्या पद्धतीने त्याच्या काठाची तपासणी करायची, हेही नमूद असते.